लिंग ओळखा

फळ्यावर लिहिलं होतं: लिंग ओळखा.
होडी. वल्हं. गळ. भरती. खेकडा.
मागच्या बाकावरून आग्नेल: बाई, पालू?
तो पालू, मी म्हटलं. पुल्लिंग. पुढचा शब्द.
आग्नेल काही बोलला नाही.
पेन्सिलीचं टोक दाताखाली धरून बघत राहिला,
पालू गळाकडे बघतो तसा.
तसा म्हणजे कसा, ते मला नंतर कळलं.

शनिवारी त्याच्याबरोबर मानशीवर गेले.
चोडणच्या खाजनाकाठी त्याचा आजा इनास
एकोणचाळीस वर्षं दारं राखतो,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी,
आणि त्याच्या गुडघ्यांनाही तेच वेळापत्रक.
खाली तिवरांच्या मुळांत पाणी गढूळ.
गढुळात काहीतरी राखाडी हललं, थांबलं.
"पालू," इनास कुजबुजला. "बोलू नका. ऐकतो तो."

कालवाला तो लगेच तोंड लावत नाही.
बघतो. मागे सरतो. वळसा घालून पुन्हा येतो.
मग कट्ट.
पाण्याखालचा तो आवाज मी काठावरून ऐकला,
कुणी सुपारी फोडावी तसा.
पुढे टोकदार दात, आत दाढा, गोल, मुगाएवढ्या,
ओळीमागे ओळ, माझ्या दंतवैद्याला हेवा वाटेल अशा.
पाठीवर अकरा काटे. पोटाखाली तीन,
त्यांतला मधला जाड.
इनासनं अंगठ्यावरचा वण पुढे केला.
एक्याण्णवचा, म्हणाला, जुना फोटो दाखवावा तसं.

मग सहज, जाळ्याची गाठ ओढता ओढता:
"लहान असतो तोवर बापय, बाई.
तीन-चार पावसाळे. मग आतल्या आत बायल होतो."
थांबला. "होते."
सगळेच?
"सगळे न्हय. पण हातभर लांब मिळाली, तर ती आवय."

एकाच पोटात दोन्ही असतात म्हणे,
एक जागं, एक निजलेलं,
आणि एका थंडीत पाळी बदलते,
मानशीवरच्या राखणदारांची बदलते तशी.
शेजाऱ्यांना कळवावं लागत नाही.
रात्रीच्या ओहोटीला ती मांडवीच्या मुखाशी जाते,
अंडी पाण्यावर सोडून देते.
पिल्लं भरतीबरोबर खाडीत परत येतात,
नखाएवढी,
आणि सगळी तो.

मला नाताळाआधीचा बाजार आठवला.
पोट फुगलेली, आठशे रुपयांची.
केवढा पालू! म्हटलं होतं मी.
गाबोळी तिरफळं घालून केली
आणि दोनदा वाढून घेतली.

आग्नेलच्या कंपासपेटीत
माशांच्या कानांतले खडे असतात, कर्कटकाशेजारी.
एक त्यानं पाट्यावर घासून पातळ केलेला.
मी तो उजेडाकडे धरला.
कडं, कड्यात कडं. मोजली: नऊ.
तो कुठे संपला, ती कुठे लागली,
शोधत राहिले, डोळा दुखेपर्यंत.
खड्यावर तशी रेघ नव्हती.
नऊ पावसाळे, सलग.

सोमवारी वह्या तपासल्या.
पालू: तो (लहानपणी).
त्याखालची ओळ कोरी.
लाल पेनचं टोपण काढलं, तेवढ्यात
रायबंदरच्या फेरीबोटीचा भोंगा झाला,
आणि मी त्या ओळीत काहीच लिहिलं नाही.
मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं.
म्हटलं, वल्हं चुकलंय तुझं.
ते वल्हं. नपुंसकलिंग.
तेवढं दुरुस्त कर.